राखण कशाची?

८ नोव्हेंबर १९९४ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी बहुमत मिळवले. त्यानंतर चार महिन्यांनी, १४ मार्च १९९५ ला, मनोहर जोशींनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. पण दोन्हीकडे लोकांना इतकी सवयीची झालेली सत्ता गेली होती की ती जाऊ शकते हेच अनेकांच्या मनात आले नव्हते. आणि दोन्हीकडे जिंकणाऱ्यांचे सांगणे सारखेच होते: तुमचे काहीतरी जुने, मोलाचे, तुमच्या देखत नाहीसे होत आहे, आम्ही ते राखू.

राखण्याची इच्छा मला कधीच तुच्छ वाटलेली नाही. गाव, नदी, जमीन, भजनाची चाल, शेजाऱ्याच्या दुःखात दाराशी जाऊन बसण्याची रीत, या गोष्टी घडायला पिढ्या लागतात आणि मोडायला एखादे दशक पुरते. त्या जपायला पाहिजेत असे कोणी म्हणाले तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. म्हणूनच तीस वर्षांनंतर हिशेब मागावासा वाटतो, की राखले काय?

तो हिशेब मांडायला मला हडपसरहून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाणारा पट्टा सोयीचा वाटतो. पण आधी थोडे कॅलिफोर्नियात जाऊ.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला ऑरेंज काउंटी आहे. नावाप्रमाणे तिथे संत्र्यांच्या बागा होत्या. १९५० मध्ये तिथली लोकसंख्या सुमारे २ लाख १६ हजार होती. १९७० मध्ये ती १४ लाखांवर गेली. बागा तोडून वसाहती उठल्या. या वसाहतींत राहायला आलेल्या मध्यमवर्गाची नोकरी संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर चालणाऱ्या कारखान्यांत होती, घराचे कर्ज सरकारी हमीने मिळाले होते, कामावर जायचा महामार्ग सरकारी पैशाने झाला होता. आणि याच भागात ‘सरकार आमच्या मानगुटीवर बसले आहे’ हा राग सर्वांत आधी आणि सर्वांत जोराने पेटला. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर अवघी सहा राज्ये जिंकून हरले, पण त्यांच्या प्रचारासाठी दारोदार फिरलेली माणसे घरी बसली नाहीत. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाने मालमत्ता कराला लगाम घालणारा ठराव जनमताने संमत केला. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी चर्चला जाणाऱ्या मतदारांची संघटना उभी केली. १९८० मध्ये रेगन आले आणि १९८४ मध्ये पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये घेऊन परत आले. बाजार, धर्म आणि राष्ट्र हे तीन धागे एका दोरात वळले गेले. तो दोर वळायला पंचवीस वर्षे लागली होती. विल्यम बकली यांनी याच विचाराचे आपले साप्ताहिक १९५५ मध्येच सुरू केले होते.

आता लोणी. या गावाचा हिरवेपणा निसर्गाने दिलेला नाही. हवेली तालुक्याचा हा पूर्व भाग पावसाच्या दृष्टीने बेताचा. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकात बांधले गेले, त्याच्या कालव्याने पाणी इकडे आणले. पुढे नवा मुठा उजवा कालवा आला आणि जुन्या कालव्याला लोक ‘बेबी कालवा’ म्हणू लागले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून थेऊरला अण्णासाहेब मगरांचा यशवंत सहकारी साखर कारखाना. लोहमार्ग आणि महामार्ग दोन्ही हाताशी, म्हणून तेल कंपन्यांचे डेपो आले. यातले काहीही एकट्यादुकट्याच्या कर्तबगारीने झालेले नाही. सरकारी धरण, सरकारी पाटपाणी, जिल्हा बँकेचे कर्ज आणि सभासदांचा शेअर अशा चार आधारांवर इथला बागायतदार उभा राहिला. ऑरेंज काउंटीतल्या अभियंत्यापेक्षा तो या बाबतीत वेगळा नव्हता.

फरक पुढे पडला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत सरकारविरोधी राग हा उजव्या राजकारणाचा कणा झाला. महाराष्ट्रात तसा प्रयत्न झाला नाही असे नाही. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी शेतीचा ठराव केला, त्याविरुद्ध त्याच वर्षी राजाजी आणि मिनू मसानींनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ मध्ये या पक्षाने लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या. गुजरात, राजस्थान, ओरिसात त्याला जोर मिळाला. पण महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात तो रुजला नाही, आणि कारण उघड आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला जो नमुना घालून दिला होता, त्यात शेतकरी जमिनीचा मालक राहून कारखान्याचाही मालक होत होता. ज्याच्या हातात कारखान्याचा शेअर आहे, त्याला सहकार म्हणजे जमीन बळकावण्याचा डाव आहे असे कोण पटवून देणार? सरकार दूर कुठे नव्हतेच. ते संचालक मंडळात बसलेले चुलते किंवा मामा होते.

वीस वर्षांनी शरद जोशींनी हाच मुद्दा दुसऱ्या टोकाने उचलला. खेड तालुक्यातल्या आंबेठाणला स्वतः कोरडवाहू शेती करून ते या निष्कर्षाला आले की शेतमालाचा भाव पाडणारे सरकारच शेतकऱ्याचे शोषण करते. १९८० चे चाकणचे कांदा आंदोलन, त्यानंतरचे रास्ता रोको, १९८६ चे चांदवडचे महिला अधिवेशन, शेवटी १९९४ मधला स्वतंत्र भारत पक्ष. ‘सरकार बाजूला व्हा’ असे इतक्या नेमकेपणाने महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी म्हटले नाही. माझ्या मते रेगन-थॅचर यांच्या काळातला खरा बाजारवादी विचार मराठीत त्यांनीच मांडला, आणि उसने घेऊन नव्हे, कांद्याच्या हिशेबातून मांडला. लाखो शेतकरी त्यांच्या सभांना आले, पण मतपेटीत त्यांच्या पक्षाला जवळजवळ काही मिळाले नाही.

दरम्यान बाजार आलाच, पण त्याला आणले काँग्रेसने. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. पुण्यात त्याच वर्षी एमआयटी निघाली. राज कपूर यांची लोणीची राजबाग, जिथे ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चे चित्रीकरण झाले होते, तीही पुढे याच संस्थेकडे आली, आणि आज तिथे विद्यापीठ आहे, ज्ञानेश्वरांच्या नावाचा प्रचंड घुमट आहे. शिक्षणाचे खासगीकरण करायला महाराष्ट्रात उजव्या पक्षाची वाट पाहावी लागली नाही. सहकारातून आलेल्या नेत्यांनीच ते केले, आणि बहुतेक ठिकाणी स्वतःच्याच संस्था काढून केले.

म्हणजे करकपात, खासगीकरण, सरकार आटोपशीर करणे, यातले काहीच इथल्या उजव्या राजकारणाच्या वाट्याला नव्हते. त्याच्याकडे उरले दोन धागे: धर्म आणि अस्मिता. १९९२-९३ च्या दंगलींनी त्यांना रक्ताचा रंग दिला, आणि हे विसरून त्या काळाबद्दल काहीही लिहिणे अप्रामाणिक होईल. पण केवळ द्वेषावर १९९५ घडले असे म्हणणेही मला पुरेसे वाटत नाही. भाजपच्या वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी या समाजांना हेरून बांधलेले ‘माधव’ सूत्र, त्यातून आलेले ना. स. फरांदे, अण्णा डांगे, गोपीनाथ मुंडे ही माणसे पाहा. कारखान्याच्या संचालक मंडळात, जिल्हा बँकेत, शिक्षणसंस्थेत ज्यांना दारातच उभे केले गेले, त्यांना या पक्षाने आत बोलावले. नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. सत्तेला आपल्या दाराशी आलेली माणसे दिसेनाशी झाली होती याचा याहून भयंकर पुरावा नको. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेनेला ७३, भाजपला ६५, काँग्रेसला ८० जागा मिळाल्या आणि ४५ अपक्ष निवडून आले. त्या अपक्षांत काँग्रेसचे बंडखोर किती होते हे त्या वेळी गावोगावच्या पारावर ठाऊक होते. सरकार त्यांच्याच पाठिंब्यावर उभे राहिले. आणि त्याने लोकांना काय दिले? एक रुपयात झुणका-भाकर आणि मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांना फुकट घरांचे वचन. रेगनना हे ऐकून धक्का बसला असता.

आता माझा मुख्य आक्षेप. दोन्ही देशांत उजव्यांनी हरवत चाललेल्या गोष्टींचा शोक खरा ओळखला. डाव्या आणि उदारमतवादी विचारवंतांनी, मी ज्यांचे वाचून वाढलो त्यांनी, या शोकाला प्रतिगामीपणा म्हणून झटकून टाकले, आणि ती त्यांची मोठी चूक होती. पण ज्यांनी शोक ओळखला, त्यांनी राखण केली नाही. रेगन यांच्या काळात आयोवासारख्या राज्यांत चढ्या व्याजाने आणि कोसळलेल्या जमिनीच्या भावाने पिढ्यान्पिढ्यांची कौटुंबिक शेते लिलावात गेली. कुटुंब आणि मातीचे गुणगान करणाऱ्या राजवटीत कुटुंबाच्या हातची माती गेली. लोणीत लिलाव झाला नाही, गुंठेवारी झाली. यशवंतचा बॉयलर २०११ च्या सुमारास विझला. सभासदांचे पैसे, कामगारांची देणी आणि कारखान्याची जमीन यांवरचे वाद नंतर अनेक वर्षे चालू राहिले. उसाच्या जागी फलक लागले, एन.ए. प्लॉटचे. मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी घेऊन थेऊरच्या चिंतामणीच्या पायाशी येते, पात्र जलपर्णीने भरते, आणि या नदीच्या नावाने धर्म बुडाला अशी हाक कोणत्याही पक्षाने दिलेली मला आठवत नाही. रस्त्याला कोणाचे नाव द्यायचे यावर मोर्चे निघाले. देवाला स्नान घालायला नदीत पाणी नाही, यावर निघाले नाहीत.

परंपरा राखायची म्हणजे सगळेच राखायचे का, हा प्रश्नही याच पट्ट्यात उभा आहे. थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव पेशवे गेले आणि रमाबाई सती गेल्या. नदीकाठी त्यांचे वृंदावन आहे. त्या अल्पायुषी दांपत्याबद्दल मराठी मनात जो कळवळा आहे तो मलाही आहे, पण ती चाल मोडली याचे दुःख कोणाला असेल तर त्याच्याशी माझे काही बोलणे होऊ शकत नाही. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावर पुण्यात टिळक आणि आगरकर समोरासमोर होते. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये हे टिळकांचे म्हणणे मी समजू शकतो. दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर तत्त्वाची लढाई लढणे मी समजू शकत नाही. आगरकरांनी जे सांगितले ते पुढच्या पिढ्यांनी आपलेच मानले, आणि आज सनातनी घरातल्या मुलीही शिकतात. राखणारा निवड करतोच. तो ती उघडपणे करतो की नाही, एवढाच प्रश्न असतो.

वारी हे मला या निवडीचे सर्वांत मोठे उदाहरण वाटते. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. माउली दिवे घाटाने सासवडला जातात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या मुक्कामाला येतात. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला हा सोहळा पेशवाई, इंग्रजी राज्य, काँग्रेस, युती आणि त्यानंतरचे सगळे पाहून अजून चालतो आहे. त्याला कोणी सत्तेवर बसून राखले नाही. दिंडीतल्या माणसांनी आपल्या खर्चाने, आपल्या पायांनी राखले. आणि तो न बदलता राहिला असेही नाही. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले तेव्हा धर्म बुडेल म्हणणारे पुष्कळ होते. मंदिर उघडले, आणि वारी पुढच्या वर्षी होती तशीच निघाली. दर आषाढीला पालखीच्या दर्शनाला येणाऱ्या नेत्यांनी यातले काय घेतले हे मला दिसत नाही.

राखणीचे दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या जातीचे आहे, आणि ते त्याच रस्त्यावर हडपसरला आहे. शहर अंगावर येत असताना तिथल्या मगर आणि इतर सुमारे १२० कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची सलग जमीन बिल्डरला गुंठ्यागुंठ्याने विकायचे नाकारले. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी ती एकत्र केली, कंपनी काढली आणि प्रत्येकाने जमिनीच्या प्रमाणात तिचे भाग घेतले. मगरपट्टा सिटी उभी राहिली, आणि जमीन देणारी माणसे तिच्या उत्पन्नात वाटेकरी राहिली. ऊस गेला, पण भाऊबंदांची मालकी, एकमेकांवरचा विश्वास आणि गावठाणातले स्थान टिकले. सहकाराने शिकवलेली भागीदारीची सवय इथे बाजाराच्या भाषेत बोलली. ज्या अर्थाने एडमंड बर्कपासूनचे विचारवंत जुन्या संस्था टिकवण्याबद्दल बोलतात, त्या अर्थाने महाराष्ट्रात मला दिसलेली ही सर्वांत यशस्वी कृती आहे. ती कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हती.

तिची मर्यादाही सांगायला हवी. भाग मिळाले ते सात-बाऱ्यावर नाव असलेल्यांना. त्याच शेतांत ऊस बांधणारे, पाण्याची पाळी रात्री जागून धरणारे, कोयता घेऊन दर हंगामाला बीडहून येणारे यांच्या नावावर काही नव्हते, म्हणून त्यांना राखायलाही काही मिळाले नाही. यशवंतच्या सभासद यादीत ते नव्हते, मगरपट्ट्याच्या भागधारकांत नव्हते. गोपीनाथ मुंडे त्यांच्यातल्याच ऊसतोड कामगारांच्या नावाने बोलत होते, आणि १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री झाले.