बँकॉकमधला एकटा पुरुष

मुंबईच्या विमानतळावर, इमिग्रेशनच्या खिडकीपाशी, गेल्या काही वर्षांत एक विचित्र गुन्हा पुन्हा पुन्हा नोंदला गेला आहे. प्रवाशाच्या पासपोर्टमधली काही पाने गायब असतात. खोदून विचारले की कळते, ती त्यानेच फाडली. त्या पानांवर थायलंडचे शिक्के होते आणि ते घरच्यांच्या नजरेस पडायला नको होते. पासपोर्टशी अशी छेडछाड करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी अटक होते. पकडले गेलेल्यांत तरुण आहेत, तसेच पन्नाशी ओलांडलेले संसारी गृहस्थही आहेत.

हे पुरुष कशाला घाबरले, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एकट्या पुरुषाने ‘बँकॉकला चाललोय’ म्हटले की ऐकणारा गालातल्या गालात हसतो. सिमेंट, रंग, खते, कीटकनाशके विकणाऱ्या कंपन्या टार्गेट गाठणाऱ्या डीलरांना बक्षीस म्हणून बँकॉक-पट्टायाला नेतात आणि त्या सहलींच्या खऱ्याखोट्या गोष्टी तालुक्याच्या बाजारपेठेत महिनोन्‌महिने चघळल्या जातात. ज्या मराठी वाचकाने कधी काळी पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मधून आग्नेय आशिया पाहिला, त्याच्याच नातवाला त्या प्रदेशातले सर्वांत मोठे पर्यटन-शहर मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या विनोदांतून भेटते. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला आणि २०२४ मध्ये २० लाखांहून अधिक भारतीय थायलंडला गेले. त्यांत कुटुंबे होती, नवविवाहित जोडपी होती, लग्नाची वऱ्हाडे होती. हसू मात्र एकट्या पुरुषाच्याच वाट्याला येते.

या हसण्याला इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. बँकॉकमधला एकटा परदेशी पुरुष म्हणजे शरीर विकत घ्यायला आलेले गिऱ्हाईक, ही ओळख जेमतेम साठ वर्षांची आहे. सरकारी करार, कायद्यातल्या पळवाटा आणि खेड्यांतले दारिद्र्य यांनी मिळून ती घडवली. ती तशी घडवलेली आहे, म्हणूनच ती नाकारताही येते.

चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर १७८२ साली चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने ही राजधानी वसवली. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे इथे येणारा एकटा परदेशी म्हणजे खलाशी, व्यापारी, मिशनरी किंवा लेखक. जोसेफ कॉनराड १८८८ मध्ये इथे आला तो ‘ओटॅगो’ या जहाजाची कप्तानी स्वीकारायला. सॉमरसेट मॉम १९२३ मध्ये आला आणि नदीकाठच्या ओरिएंटल हॉटेलात मलेरियाने अंथरुणाला खिळला. बंदरात वेश्याव्यवसाय तेव्हाही होता, पण शहराची ओळख त्यावर उभी नव्हती.

कलाटणी मिळाली ती व्हिएतनाम युद्धात. अमेरिकी विमाने थायलंडच्या तळांवरून उडत होती. उदोन, कोराट, उबोन हे तळ ईशान्येकडच्या इसान भागात होते, तर ऊ-तापाओचा तळ पट्टायाजवळ होता. थायलंडने १९६० मध्येच वेश्याव्यवसायावर बंदी घातली होती. पण १९६६ च्या मनोरंजन स्थळांच्या कायद्याने बार, नाइटक्लब आणि मसाज पार्लर यांना परवाने मिळू लागले. कागदावर बंदी राहिली आणि परवाना असलेल्या दाराआड व्यवहार सुरू झाला. १९६७ मध्ये अमेरिकी सैनिकांना ‘विश्रांती आणि करमणुकी’च्या रजेवर थायलंडला पाठवण्याचा करार झाला. न्यू पेचबुरी रस्त्यावर सैनिकांसाठी बार आणि हॉटेलांची रांग लागली. पटपाँग ही तर एका चिनी वंशाच्या कुटुंबाच्या खासगी जमिनीवरची गल्ली. तिथे कंपन्यांच्या कचेऱ्याही होत्या, पण पुढे ती फक्त रात्रीच्या धंद्यासाठी ओळखली जाऊ लागली.

१९७६ पर्यंत अमेरिकी सैन्य माघारी गेले. खोल्या, दलाल, परवाने आणि हप्त्यांची साखळी मागे राहिली, तिला नवे गिऱ्हाईक हवे होते. ते जंबो जेटमधून आले, आधी युरोप आणि जपानमधून, मग आखातातून, आणि अलीकडे भारतातून. सैनिकांसाठी उभारलेली व्यवस्था पर्यटकांच्या अंगाला बेतून घेतली गेली.

या व्यवस्थेतल्या मुली कुठून आल्या, याचे उत्तर चुलालोंगकोर्न विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ पासुक फोंगपायचित यांनी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी केलेल्या, १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. बँकॉकच्या मसाज पार्लरमध्ये काम करणाऱ्या ५० स्त्रियांशी त्या बोलल्या. बहुतेक जणी उत्तर आणि ईशान्य भागातल्या गरीब शेतकरी घरांतल्या होत्या. कमाईचा मोठा वाटा त्या गावी धाडत, त्यातून घरे उभी राहत आणि धाकट्या भावंडांच्या शाळेचा खर्च निघे. थाई कुटुंबात आईबापांचे ऋण फेडण्याची जबाबदारी मुलींवर अधिक असते. त्या जबाबदारीला शहराने हा एक रस्ता दाखवला. या रस्त्याचे टोक कुठवर जाते तेही लवकरच दिसले. जानेवारी १९८४ मध्ये फुकेतच्या एका कुंटणखान्याला आग लागली आणि आत कोंडलेल्या पाच मुली जळून मेल्या.

मग एड्स आला. १९९१ मध्ये थायलंडमध्ये वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार जणांना एचआयव्हीची नव्याने लागण होत होती. सरकारने कुंटणखान्यांत प्रत्येक वेळी कंडोम वापरण्याची सक्ती केली, कुटुंबनियोजनाचे कार्यकर्ते मेचाई विरवैद्य यांनी कंडोमविषयीचा संकोच देशभर मोडून काढला आणि २००३ पर्यंत हा आकडा २० हजारांच्या आसपास उतरला. जगाने या यशाचे कौतुक केले. पण ज्या स्त्रियांच्या सहकार्यामुळे ते मिळाले, त्या कायद्याच्या लेखी गुन्हेगारच राहिल्या. १९९६ च्या कायद्याने अल्पवयीनांकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तुरुंगाची तरतूद केली, हे चांगलेच झाले. प्रौढ स्त्रीला मात्र रस्त्यावर उभे राहण्याबद्दल दंड भरावा लागतो, आणि धंदा बेकायदा असल्याने मजुरी, सुट्टी किंवा मारहाण यांबद्दल दाद मागायला ती कचरते. ‘एम्पावर’ ही संस्था १९८५ पासून या स्त्रियांना लिहायला-वाचायला, इंग्रजी बोलायला आणि हक्क मागायला शिकवते आहे. तिची सुरुवात पटपाँगमध्येच झाली. वेश्याव्यवसाय गुन्ह्यांच्या यादीतून काढावा, ही तिची मागणी आजही कायम आहे.

एवढा इतिहास पाठीशी असलेल्या बँकॉकमध्ये, सुखुमवित रस्त्याच्या फुटपाथवर एकटा पुरुष रात्री नऊ वाजता चालू लागला की शहर त्याला ओळखल्यासारखे करते. टुकटुकवाला गाडी हळू करून फोटोंचे कार्ड पुढे धरतो. दिवसा राजवाड्याच्या आसपास नीटनेटक्या कपड्यांतला कुणीतरी आपुलकीने सांगतो, की राजवाडा आज बंद आहे, त्याऐवजी स्वस्तात दुसरी देवळे दाखवतो. ती फेरी रत्नांच्या दुकानात संपते. पटपाँगच्या वरच्या मजल्यावरच्या काही बारमध्ये बिल भलतेच येते आणि दार अडवले जाते. या फसवणुकींना एकटाच माणूस सोपा पडतो, कारण ‘हे खरं असेल का रे?’ असे विचारायला त्याच्या शेजारी कुणी नसते. शिवाय लाजेपायी तो तक्रारही करत नाही. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक फिरवणाऱ्यांत तो क्वचितच असतो.

हा एकटेपणा याहून मोठ्या धोक्यांनाही वाट करून देतो. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला, की थायलंडमध्ये आयटीतली नोकरी देतो असे सांगून तरुणांना म्यानमारच्या सीमेपलीकडे नेले जात आहे. म्यावाडीच्या परिसरातल्या कुंपणबंद वसाहतींत त्यांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले जाते आणि पैसे भरल्याशिवाय सुटका होत नाही. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाची विमाने सीमेवरच्या माए सोतला गेली आणि दोन दिवसांत ५४९ भारतीयांना घेऊन आली. बँकॉकला एकटा गेलेला तरुण स्वतःला खरेदीदार समजत असतो, पण तिथे त्याचीच विक्री होऊ शकते.

पण बँकॉकमधल्या एकट्या पुरुषांची मोजदाद करायची तर विमानतळाऐवजी गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे लागेल. तिथे नारिंगी जाकिटे घातलेले मोटारसायकल-टॅक्सीवाले बाकावर बसलेले असतात. त्यांतले बरेच इसानचे. भातलावणीला आणि कापणीला गावी जाणारे, बायकामुले तिकडे ठेवून इथे भाड्याच्या खोलीत राहणारे. २००३ मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली आणि २०१० च्या लाल शर्टवाल्यांच्या आंदोलनात गल्लीबोळांची त्यांची माहिती आंदोलकांच्या उपयोगी पडली. या शहरात मौजेसाठी आलेल्यांखेरीज कामासाठी एकटे राहणारे पुरुषही मोठ्या संख्येने आहेत.

मराठी माणसाला हे चित्र नवे नाही. कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आलेले पुरुष वर्षानुवर्षे एका खोलीत दहा-बारा जण राहिले आणि खानावळीत जेवले. ती खानावळ बाईने चालवलेली असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. बँकॉकमध्येही एकट्या माणसाचे पोट बहुतांशी बायकाच भरतात. भाड्याच्या छोट्या खोल्यांत स्वयंपाकघर नसते, म्हणून सकाळी भातावर दोन रश्शाच्या भाज्या वाढून देणारी गाडी, दुपारी पपईचे सोम तम कुटणारी बाई, रात्री तुळशीच्या पानांत परतलेले मांस आणि वर तळलेले अंडे देणारी टपरी. सगळे एका माणसाच्या मापाचे. एकट्याने जेवायला बसलेल्याकडे इथे कुणी वळून पाहत नाही. इसानहून शहरात आलेल्या बायकांपैकी बारमध्ये दिसतात त्याहून कितीतरी जास्त चुलीपुढे, कारखान्यात, हॉटेलच्या खोल्या झाडताना आणि दुकानाच्या गल्ल्यावर आहेत. बारकडे पाहून शहर समजल्याचे मानणारा प्रवासी या सगळ्या जणींना वगळतो.

गिऱ्हाइकाची भूमिका नाकारणाऱ्या पुरुषासाठी बँकॉक विलक्षण सोयीचे आहे. राजवाड्याकडच्या पानफा धक्क्यावरून सेन सेप कालव्याची बोट पकडली, की सुमारे १८ किलोमीटरच्या जलमार्गावर कामाला निघालेले शहर भेटते. वात फो मंदिराच्या आवारातल्या शाळेत शिकवली जाणारी थाई मालिश २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पोटऱ्यांतला गोळा मोडणारे ते जाणकार हात म्हणजे एक विद्या आहे, आणि ‘मसाज’ म्हटल्यावर डोळे मिचकावणे हा त्या विद्येचा अपमान आहे. सेन सेप कालव्याच्याच काठी जिम थॉम्पसनचे घर आहे. हा अमेरिकी वास्तुतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी इथे आला, घटस्फोटानंतर एकटाच राहिला आणि समोरच्या काठावरच्या बान क्रुआ वस्तीतल्या चाम मुसलमान विणकरांचे रेशीम त्याने जगाच्या बाजारात नेले. त्याच्याविषयी आक्षेप असू शकतात. तोही व्यापारीच होता. पण तो विणकरांच्या दारात रोज जात होता आणि त्यांच्या कामाचे मोल ओळखत होता. मलेशियाच्या कॅमरून हायलँड्समध्ये तो कायमचा बेपत्ता झाला ते वर्षही सैनिकांच्या रजेच्या कराराचेच, १९६७. बान क्रुआच्या रहिवाशांनी पुढे आपल्या वस्तीवरून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला.

सगळ्याच एकट्या पुरुषांच्या मनात बाई असते, असेही नाही. २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाला आणि आग्नेय आशियातला तो असा पहिला देश ठरला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ही मान्यता द्यायला नकार दिला होता. आपल्या गावात हात धरून चालू न शकणारा कुणी मराठी तरुण बँकॉकच्या सिलोम भागातल्या गल्लीत मोकळा श्वास घेत असेल, तर गालातल्या त्या हसण्याने आपण त्याच्यावरही अन्याय करत असतो.

बदलाची सुरुवात थायलंडच्या संसदेची वाट न पाहता पुण्या-मुंबईत करता येईल. डीलरांची सहल काढणारी कंपनी आणि तिचे तिकीट काढणारी पर्यटन संस्था प्रवाशांच्या हाती चार पानांची पुस्तिका देऊ शकते. त्यात १९९६ चा कायदा आणि अल्पवयीनांबाबतची तुरुंगवासाची तरतूद सोप्या मराठीत असावी, ११५५ हा क्रमांक ठळक असावा, नोकरीच्या आमिषांबद्दलचा परराष्ट्र मंत्रालयाचा इशारा असावा आणि सेन सेपच्या बोटींचा नकाशा असावा. संध्याकाळी सातनंतरच्या कार्यक्रमात ‘मोकळा वेळ’ एवढेच लिहून आयोजकांनी हात झटकू नयेत. एखादी संध्याकाळ फाहुरातच्या भारतीय बाजारात आणि तिथल्या गुरुद्वाऱ्यात, एखादी बान क्रुआच्या विणकरांकडे, एखादी नदीवर, असा आराखडा कमी खर्चात होतो. आणि अशा सहलीला डीलरबाईंना किंवा डीलरच्या पत्नीला नेताना आयोजकांना अवघडल्यासारखे होत असेल, तर कार्यक्रमातला नेमका कोणता भाग अवघड वाटतो, हे त्यांनी पुढच्या वर्षीचे टार्गेट जाहीर करण्याआधी तपासून पाहावे.