राहून गेलेली नोंद

इंग्लंडातल्या खेड्यांत चर्चच्या आवारात बहुधा एक दगडी क्रूस दिसतो. त्यावर पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांची नावं. पुष्कळ ठिकाणी आडनावांच्या क्रमाने. शेतमजूर आणि जमीनदाराचा मुलगा एकाच रांगेत. आमच्या बँकेच्या कँटीनमध्येसुद्धा एवढी समता नाही!

पण पळाला, भ्याला या ठपक्याखाली स्वतःच्याच सैन्याने गोळी घातली, त्याचं नाव काही गावांनी गाळलं. २००६ साली अशा ३०६ जणांना माफी मिळाली. आता नाव कोरावं, तर यातले बरेच क्रूस संरक्षित वारसा! मग वारसा कोणता हो, दगड की त्यावरची चूक? लेजरमध्ये खाडाखोड नको, कबूल. पण राहिलेली नोंद आम्ही खाली तारीख घालून, सही करून घेतोच की. इथे टाकाऐवजी छिन्नी, एवढंच.