राजेशाही एंजिनाचा स्वधर्म

एखादे सामर्थ्य ज्या कार्यासाठी घडले ते सोडून दुसऱ्याच कार्यास जुंपले, तर त्याचा अधःपात झाला असे म्हणावे काय? प्रश्न यंत्राविषयी दिसतो. परंतु माणसांच्या बाबतीत आपण त्याचा निकाल रोज, आणि बहुधा घाईने, देत असतो.

एत्तोरे बुगाटी या कारखानदाराने १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये ‘रॉयाल’ नावाची मोटार निर्माण केली. नावाप्रमाणेच ती राजेरजवाड्यांसाठी योजिली होती. तिचे एंजिन सुमारे पावणेतेरा लिटरचे. पंचवीस गाड्या काढण्याचा संकल्प होता. परंतु मंदी आली, राजा तर एकही फिरकला नाही. सहा गाड्या पुऱ्या झाल्या, त्यांतील तीनच त्या काळी विकल्या गेल्या. तेव्हा बुगाटीने तेच एंजिन रुळांवर धावणाऱ्या मोटार-डब्यात बसविले. १९३३ पासून ही वाहने फ्रान्समध्ये प्रवासी नेऊ लागली. १९३४ साली त्यांतील एकाने ताशी १९६ किलोमीटरचा वेग गाठला, आणि १९५८ पर्यंत ती धावत राहिली.

कोणी म्हणेल, राजासाठी घडलेले एंजिन तिकीट काढील त्याच्या सेवेस लागले, ही विटंबनाच होय. मला तसे वाटत नाही. गिऱ्हाइकावाचून झाकून ठेवलेल्या थोरवीपेक्षा पंचवीस वर्षांची चाकरी अधिक मानाची. शक्तीचा धर्म गती देणे हा आहे. आत कोण बसला आहे हे तिने विचारू नये.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. मोठे एंजिन मिळेल त्या सांगाड्यात कोंबले की काम भागते असे नाही. बुगाटीने त्यासाठी निराळा सांगाडा रचला. भार वाटला जावा म्हणून चार चार आसांच्या बैठका दिल्या. एंजिनाचा जोरही दोनशे अश्वशक्तीपुरता आवरून धरला. शक्तीने संयम पत्करला आणि सांगाड्याने तिचा मान राखला, म्हणूनच हे स्थलांतर सफल झाले.

माझा एक अत्यंत बुद्धिमान विद्यार्थी पदवीनंतर एका तालुक्याच्या गावी शाळामास्तर झाला. “पोर वाया गेले,” असे मी चारचौघांत बोललो होतो. पुढे एकदा त्या गावी जाण्याचा योग आला. गणितात ज्याची बरोबरी करणारा वर्गात दुसरा नव्हता, तो फीची पुस्तके जुळवीत बसला होता. शिकवण्याचे तास त्यास थोडेच. ‘हिशेबात पक्का’ म्हणून कारकुनीच त्याच्या गळ्यात पडली होती. मला पाहून तो हसून उठला व म्हणाला, “सर, आठवीच्या तासाला येता? तेवढा एक तास माझा आहे.”

तो तास मी मागच्या बाकावर बसून ऐकला. पोरगा वाया गेला नव्हता. त्याने चाकरी पत्करली होती. सांगाडा देणे तेवढे आमच्याकडून राहिले होते.