नळी उतरली म्हणजे बघून झालं?

बसू नकोस. आधी हा रिपोर्ट मोठ्याने वाच. 'अन्ननलिका, जठर, ड्युओडिनम: नॉर्मल.' खाली सही तुझी. आता त्या दिवशीचे फोटो उघड. चारच आहेत, त्यातल्या दोनांत नुसता फेस, आणि जठराच्या वरच्या भागाचा, फंडसचा, एकही नाही. दुर्बीण सरळ खाली उतरवलीस आणि काढून घेतलीस, यू-टर्न घेऊन वर बघितलंच नाहीस. जे बघितलं नाहीस त्याला नॉर्मल म्हणायचा अधिकार तुला कुणी दिला?

त्याच बाईंना मी आज पुन्हा दुर्बीण घातली. अन्ननलिका जठरात उतरते तिथून जरा खाली, आतल्या बाजूला, चांगला दीड सेंटिमीटरचा अल्सर आहे. सरळ जाताना तो दिसत नाही. दुर्बीण जठरात फुगवून, वळवून, आपल्याच नळीकडे मागे बघितलं की समोर येतो. तळाशी काळा डाग होता, रक्त गोठल्याचा.

हिमोग्लोबिन ६.८. रक्त कुठून जातंय हे शोधायलाच त्यांना आपल्याकडे पाठवलं होतं. शी काळी होते असं त्यांनी तुला सांगितलं, आणि तू ते लोहाच्या गोळ्यांवर ढकललंस. गोळ्यांनी शी काळी होते, कबूल. पण डांबरासारखी चिकट होत नाही. आणि केव्हापासून होते, हे विचारलंस? गोळ्या सुरू व्हायच्या आधीपासून. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर मेडिकलमधून वेदनाशामक घेऊन खातायत, तेही केसपेपरवर नाही. मला दोन मिनिटांत सांगितलं त्यांनी. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाल्या.

गर्दी होती, हे मला सांगू नकोस. गर्दी मी तुझ्या जन्माआधीपासून बघते आहे. पेशंट उबळत होती, ओकाऱ्या काढत होती, म्हणून आटोपतं घेतलं, हे खरं कारण. मग ती का उबळत होती? घशात झायलोकेनचा फवारा मारलास आणि घसा बधिर व्हायच्या आत नळी पुढे केलीस. ही नळी अन्नाच्या वाटेने जाते, श्वासाची वाट मोकळीच राहते, नाकाने सावकाश श्वास घेत रहा, लाळ गिळू नका, बाहेर गळू द्या, एवढंही त्यांना सांगितलं नाहीस. जीव गुदमरेल या भीतीने माणूस हातपाय झाडणारच. आज मी हे सगळं सांगितलं, फेस जायचं औषध पाण्यातून आधी पाजलं, मोजून थांबले. त्याच बाई डाव्या कुशीवर शांत पडून राहिल्या. दहा मिनिटं मी बघत होते.

१८६८ साली फ्रायबुर्गला डॉ. कुसमाउलने तलवार गिळणाऱ्या माणसाच्या घशातून धातूची सरळ नळी जठरात नेली. नळी पोचली, उजेड पुरला नाही, धड काही दिसलं नाही. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं माणसं त्या उजेडासाठी आणि वाकणाऱ्या नळीसाठी झगडली. १९५७ मध्ये डॉ. हिर्शोविट्झने काचेच्या तंतूंची लवचीक दुर्बीण आधी स्वतः गिळली, मग पेशंटला घातली. तुझ्या हातात आज त्याहून किती तरी स्वच्छ चित्र आहे, आणि तू पाट्या टाकतोस!

कोलोनोस्कोपीतही तुझं तेच. मोठ्या आतड्याच्या टोकाला, सीकमपर्यंत पोचल्याचा कोण आनंद, आणि येताना सुसाट. अरे, बघायचं असतं ते येताना! २००६ साली अमेरिकेतल्या बारा डॉक्टरांचं काम मोजलं होतं. परतीला सहा मिनिटं किंवा जास्त देणाऱ्यांना २८.३ टक्के पेशंटांत अॅडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारे पॉलिप, सापडले, घाई करणाऱ्यांना ११.८ टक्क्यांत. पेशंट वेगळ्या जातीचे नव्हते. आतड्याच्या घडीमागे लपलेला असा पॉलिप आज तारेच्या फासाने कापून काढला तर पुढचा कॅन्सर टळतो. तू सोडलास तर तो वाढत राहतो, आणि पेशंट तुझा 'नॉर्मल' रिपोर्ट जपून ठेवून निर्धास्त राहतो. रात्रभर संडासला पळून आतडं साफ करून आलेल्या माणसाला तू हे देणार?

ही नुसती बघायची नळी नाही, हे तुला शिकवलं आहे. त्याच वाटेने सुई जाते, क्लिप जाते, फुगलेल्या शिरांना रबरबँड बसतो. त्या अल्सरच्या तळाशी उघडी रक्तवाहिनी असती, तर अॅड्रेनालिन टोचून क्लिप लावून रक्तस्राव तिथेच थांबवता आला असता. पण आधी दिसायला तर हवं.

आज कडेचे सहा तुकडे बायोप्सीला पाठवलेत. एच. पायलोरीची टेस्ट गुलाबी झाली, म्हणजे जंतू आहे. त्याची औषधं सुरू कर, वेदनाशामक बंद कर. जठराचा अल्सर आहे, कॅन्सरही असाच दिसू शकतो, त्यामुळे बायोप्सी साफ आली तरी आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, ती तारीख केसपेपरवर लाल शाईने लिही.

आता वॉर्डात जा. पहिल्या वेळी जठर नीट बघितलं गेलं नाही, अल्सर राहून गेला, हे त्यांना आणि त्यांच्या मुलाला तू स्वतः सांग, सिस्टरना पाठवू नकोस. त्यांनी दोनदा उपाशीपोटी एसटीचा प्रवास केलाय, चिडले तर ऐकून घे. उद्यापासून महिनाभर प्रत्येक केसचे फोटो, फंडससकट, संध्याकाळी माझ्या टेबलावर हवेत. फोटो नसेल तर रिपोर्टवर माझी सही मिळणार नाही.