आमचा गारवा, कुणाची झळ?



मे महिन्यात आपल्या गोंदियात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा सभागृहातले पंखे गरम वाराच फेकतात. म्हणून तेथे एसी बसवावेत, अशी सूचना काही धर्मग्रामस्थांनी केली आहे. सूचना प्रेमापोटी आली आहे. म्हणूनच तिच्यावर नीट विचार करू या.

एसी थंडी निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तीत घालतो. आपल्या सभागृहामागे टिनाच्या छपराखाली कुटुंबे राहतात. ही गरम हवा त्यांच्याच दारात जाणार. शिवाय वीज कोठून येते? आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच कोळशावर चालतात. कोळसा जळतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो, पृथ्वी तापते, आणि मग आणखी एसी लागतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात एसीच्या वाढत्या वापराचे उदाहरण दिले, ते याचसाठी.

मग गारवा घेणे पाप आहे काय? तसे नाही. संत थॉमस अक्वायनस स्वसंरक्षणाचा विचार करताना सांगतात की, एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक आपल्याला हवा असलेला व दुसरा नको असलेला. तेवढ्याने कृती वाईट ठरत नाही. मात्र गरजेपेक्षा अधिक बळ वापरले, तर तीच कृती अयोग्य होते. हाच न्याय येथे लावू या. आजारी वृद्धासाठी, बाळंतिणीसाठी एसी ही गरज असू शकते. पण साधे उपाय न करताच दोन तासांच्या सभेसाठी शेजाऱ्याच्या दारात झळ सोडणे, ही गरज म्हणता येईल काय?

‘एका सभागृहाने जग किती तापणार?’ असे कोणी विचारील. जगाला कदाचित कळणारही नाही. मागच्या गल्लीला मात्र त्याच दुपारी कळेल.

आम्ही हे सांगतो, पण आमच्या निवासातील एका खोलीत एसी आहे. तेव्हा हा प्रश्न आधी आम्हालाच लागू होतो. आणि उभे आयुष्य उन्हात राबलेल्या माणसाने पहिला कूलर घेतला, तर त्याला उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे शहाणपण होते. मातीच्या जाड भिंती, कवेलूंचे छत, पुढे ओसरी, अंगणात कडुनिंब. ते घर कोणाच्याही अंगावर उष्णता न टाकता निवायचे. कोहळी बांधवांनी या भागात तलाव बांधले. आज आपण त्यांतल्या अनेकांना मामा तलाव म्हणतो. त्यांच्या पाण्यावर अनेकांचे धान पिकले. एकाची सोय दुसऱ्याची अडचण होऊ नये, हीच खरी रचना.

म्हणून आमची विनंती अशी: पुढच्या उन्हाळ्याआधी सभागृहाच्या छताला पांढरा चुना लावू, पश्चिमेच्या भिंतीवर सावली करू, वर झरोके काढू आणि पावसाळ्यात कडुनिंब लावू. उन्हाळ्यातल्या सभा सकाळी घेऊ. आमची ती खोली मे महिन्यात दुपारी आजारी व वृद्धांसाठी उघडी राहील. एवढे करूनही भागले नाही, तर एसीचा विचार पुन्हा करू. पण त्या बैठकीला मागच्या गल्लीतील शेजाऱ्यांनाही बोलावू.

प्रभू आपणां सर्वांस सुबुद्धी देवो.

आपले धर्मगुरू