केसपेपरवर न येणारी कारणे

एका समाजगटाचे आरोग्य दुसऱ्यापेक्षा सतत खालावलेले का राहते, हे दवाखान्याच्या नोंदींवरून कळत नाही. केसपेपरवर वय, तक्रार आणि औषध असते. रोग्याच्या डोक्यावर कोणाचे कर्ज आहे, पाणी किती लांबून आणावे लागते, याला तिथे जागा नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आजारांइतकीच त्यांच्यामागची सामाजिक परिस्थितीही नियमित मोजावी, असे त्याच्या २००८ च्या अहवालाने सांगितले.

भारतात या कामाचा मुख्य आधार म्हणजे १९९२-९३ पासून होत असलेले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. घरात शौचालय आहे का, जमीन शेणाची की फरशीची, सायकल, टीव्ही आहे का, यांवरून ते कुटुंबांचे पाच आर्थिक स्तर पाडते. बालमृत्यू, कुपोषण, रक्तक्षय यांतली दरी या स्तरांनुसार, आईच्या शिक्षणानुसार आणि जातीच्या ढोबळ वर्गांनुसार दिसते. ढोबळ अशासाठी, की ‘अनुसूचित जमाती’ या एकाच रकान्यात नोकरी-शेतीत स्थिरावलेली कुटुंबेही येतात आणि वीटभट्ट्यांवर भटकणारे कातकरीही. चाळणीची भोके एवढी मोठी असली, की सर्वांत गरजू तेवढे खाली निसटतात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण यासाठी बारकाईने पाहण्यासारखे आहे. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात १५ ते ४९ वयोगटात सुमारे तीन टक्के आहे. बीडमध्ये ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये सर्रास काढली जात असल्याच्या तक्रारींनंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे सहांतल्या एकीची. वयोगट वेगळे असल्याने दोन्ही आकडे काटेकोरपणे ताडून पाहता येणार नाहीत. तरी एवढा फरक केवळ वयाच्या नावावर खपवणे कठीण आहे.

कारणे उसाच्या फडातच सापडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या जोडीच्या नावावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम असते. खाडा झाला की दंड. राहायच्या कोपीजवळ, म्हणजे तात्पुरत्या झोपडीजवळ न्हाणीघर नाही, शौचालय नाही. जंतुसंसर्ग अंगावर काढायचा आणि पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या. अशा बाईला खासगी डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली, की पिशवी काढून मोकळे होणे तिला सोयीचे वाटू लागते. त्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा कर्ज, आणि ते फेडायला पुन्हा फड.

पुढे बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. उपाय आवश्यकच होता, पण लक्ष राहिले ते शस्त्रक्रियेवर. आशाताईच्या गावच्या वहीत या बाईचे नाव असते, मात्र दिवाळीच्या सुमारास टोळी हलली की ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असते आणि तिथल्या आशाच्या वहीत ती नसते. उचल आणि दंड यांची नोंद मुकादमाकडेच राहते. म्हणून दर हंगामात कारखान्याच्या तालुक्यात टोळीनिहाय पाहणी व्हायला हवी: मुक्कामावर पाणी आणि शौचालय आहे का, गरोदर बायकांची तपासणी झाली का, खाड्यापोटी किती पैसे कापले. आरोग्य, कामगार आणि साखर ही तीन खाती आपापल्या वह्या एकमेकांना दाखवत नाहीत तोवर हे जमणार नाही.