१८३८ आणि १८३९



अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोक १९ जून हा दिवस 'जूनटीन्थ' म्हणून पाळतात. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी निघाला. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे सैन्य पोहोचून जनरल ग्रेंजर यांनी गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम काढला तो १९ जून १८६५ रोजी. मधली अडीच वर्षे तेथील लोक गुलाम म्हणूनच राबत राहिले. २०२१ पासून ही राष्ट्रीय सुट्टी आहे.

काहीजण विचारतात, या जुन्या जखमा मुलांना कशाला शिकवायच्या? गुलाम ठेवणारे गेले, गुलामही गेले. प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. दोष ज्याचा त्याचा असतो, असे नीतिशास्त्र सांगते. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, असे यहेज्केल संदेष्ट्यानेही सांगितले आहे.

परंतु आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. १८३८ साली मेरिलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुइझियानाच्या मळेवाल्यांना १,१५,००० डॉलर्सना विकले. त्या रकमेतून जॉर्जटाऊन महाविद्यालयाचे कर्जही फेडले गेले. विकलेल्यांपैकी बहुतेकजण बाप्तिस्मा झालेले कॅथॉलिक होते. कुटुंबांची ताटातूट करू नये, पैसा कर्जफेडीला वापरू नये, अशा अटी रोमहून होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. पुढच्याच वर्षी, १८३९ साली, पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. आपण १८३९ अभिमानाने सांगतो आणि १८३८ गाळतो.

संत फ्रान्सिस झेवियर यांना 'आपले' म्हणताना पावणेपाचशे वर्षांचे अंतर आपल्याला अडत नाही. त्यांच्याच संघाचा हा व्यवहार निघाला की मात्र 'ते जुने लोक' होतात. वारसा असा निवडून घेता येत नाही. बापाची वाडी घेणाऱ्याकडे वाडीवरचे कर्जही येते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. कर्ज आले म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. फेडायचे मात्र त्यालाच असते.

प्रायश्चित्त साक्रामेंतात पश्चात्ताप आणि कबुली यांच्याबरोबर भरपाईही आहे. जॉर्जटाऊन येथे २०१७ साली येशूसंघाने वंशजांसमोर क्षमा मागितली. विक्रीच्या दस्तऐवजातील पहिले नाव आयझॅक हॉकिन्स यांचे होते. ते आता तेथील एका इमारतीला आहे. २०२१ साली संघाने वंशजांबरोबर उभारलेल्या निधीसाठी १० कोटी डॉलर्स जमविण्याचे वचन दिले. आईपासून तोडलेले मूल त्यातून परत मिळत नाही. तरीही नुसत्या शब्दांपेक्षा हे बरे, असे मला वाटते.

मराठीला हा विषय परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांनाच अर्पण केले.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत यंदा फादर ऑगस्टस टोल्टन यांची गोष्ट सांगावी, अशी शिक्षकांना विनंती आहे. ते १८५४ साली मिझुरीत गुलाम आईवडिलांच्या पोटी जन्मले. धर्मगुरू होण्याची हाक त्यांना होती, पण अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्यांना घेतले नाही. शेवटी रोमला शिकून १८८६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले. मुले विचारतील, कोणाच्या सेमिनरीने दार लावले? तेव्हा शिक्षकांनी विषय बदलू नये. त्या सेमिनरी कॅथॉलिकच होत्या.